दोन वर्षांचं खोटं

खोटं मी बोलले व्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हंजी मधीच कोणी तोंड घालून म्हणायला नको की झुंबरबाईनं हे लपवलं. लपवायचं तितकं सात वर्षं लपवलं. आता केदारखेड्यालाच न्हाई, जालन्यात आलेल्या सायबालासुद्धा ठाऊक हाय.

तर ऐका. फाल्गुन सरत आल्ता. मी खळ्यावर ज्वारी उपणून राह्यले व्हते. तितक्यात आमच्या शाळेचे मार्तंड गुरुजी बांधावरून पळत येताना दिसले. गुरुजी कधी पळत न्हाईत. माझ्या हातातलं सूप तिथंच राह्यलं. म्हणलं, पोरगी पडली का काय शाळेत!

"झुंबरबाई, तारा निवडली!" गुरुजींना दम लागला व्हता. "सगळ्या औरंगाबाद जिल्ह्यातून अकरा पोरं निवडली. त्यात मुलगी एकच. आपली तारा!"

दोन महिने आधी तारीनं एक परीक्षा दिल्ती. शिष्यवृत्तीची. सातवीच्या हुशार पोरांमधून अकरा निवडायची, त्या अकरांना जालन्याला बोलवायचं, समोर बसवून प्रश्न विचारायचे, आणि पाच जणांना हायस्कूल पुरं होईस्तोर शिकवायचं. राहणं, खाणं, पुस्तकं, सगळं शिष्यवृत्तीवाल्यांचं. आमच्या गावात सातवीच्या पुढं शाळा न्हाई. तारीच्या बापानं तर आधीच सांगून ठेवल्तं, "सातवी झाली की बस. मंग पाहुणे बघू." माणूस वाईट न्हाई माझा, पण त्याच्या डोक्यात एकदा काही बसलं की बैल लावले तरी हटत न्हाई. म्हंजी ही शिष्यवृत्ती भेटली तर पुढली शाळा, न भेटली तर बाशिंग. मधला रस्ता बिलकुल न्हाई.

त्या दिवशी मी गावभर गूळ वाटला. ज्यांच्याशी बोलत न्हाई त्यांनाबी दिला. फक्त एक घर सोडलं, पाटलाचं. त्याचं सांगते पुढं. रखमाजी ठोंबऱ्याची पोरगी सगळ्या जिल्ह्यात निवडली, असं लोक पारावर बोलून राह्यले आणि तारीचा बाप तिथंच मिशीवर हात फिरवत बसलेला. पाहुण्याचा विषय चार दिवस निघालाच न्हाई. मला तर पाय जमिनीला लागून राह्यले का न्हाई तेच कळंना.

पाचव्या दिवशी गुरुजी पुन्हा आले. ह्या टायमाला चालत आले. काखेत शाळेचं मोठं रजिस्टर.

"झुंबरबाई, घोटाळा आहे," गुरुजी म्हणले. "परीक्षेच्या अर्जात वय विचारलंच नव्हतं, फक्त इयत्ता. आता निवडलेल्यांकडून वयाचा दाखला मागवलाय. एक जूनला तेरा वर्षं पुरी झालेली नसावीत. आणि आपल्या रजिस्टरात ताराचं वय..." त्यांनी बोट ठेवलं. "एक जूनला चौदा पुरी."

चौदा! ती बाराव्यात व्हती. अकराच पुरी झाल्ती तिची. आणि ते चौदा कोणी लिवून घेतलं? मी. ह्याच तोंडानं.

पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या पुढल्या ज्येष्ठात गावात मराठी शाळा सुरू झाली. तव्हाचे मास्तर दुसरे व्हते, मागून बदलून गेले. जन्माचे दाखले तव्हा कोणापाशी व्हते? निजामाच्या राज्यात जन्मलेली लेकरं. चावडीतले कागद व्हते म्हणतात, ते रझाकाराच्या धामधुमीत कुठं गेले देवाला माहीत. म्हून मास्तरांनी सोपी रीत काढली. लेकराला समोर उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून पलीकडं न्यायचा आणि डावा कान धरायला सांगायचं. कान हातात आला तर लेकरू सहाचं झालं, घ्या शाळेत. न आला तर जा घरी, पुढल्या साली या.

तारी तव्हा साडेचार वर्षांची. कान कुठला येतो हातात! पण मला चौथा महिना चालू व्हता. पुढल्या साली या, म्हंजी पुढल्या साली घरात पाळणा, आणि पाळण्याच्या दोरीला तारी. एकदा का पोरीच्या कडेवर भाऊ बसला की तिची शाळा झाली म्हून समजा. मला ठाऊक हाय ना! माझ्या माहेरी मी भावाला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीबाहेर उभी राह्यची. आतली पोरं पाढे म्हणायची, भाऊ रडला की मास्तर मलाच हाकलायचे. एकवीसच्या पाढ्यापस्तोर मला अजून येतं, पण अक्षर एक वळखू येत न्हाई.

म्हून मी आदल्या दिवशी तारीला शिकवलं, मान डावीकडं थोडी वाकडी करायची अन् खांदा वर उचलायचा. बराबर जमलं तिला. मास्तरांनी तिच्याकडं वरून खाली बघितलं. "बाई, लई लहान दिसते."

"सातचं पुरं झालंय," मी ठोकून दिलं. "देवी आल्त्या, म्हून वाढ खुंटली. समज बघा तिची, समज सातची हाय."

मास्तरांनी लिवलं सात. सहा सांगितलं असतं तरी भागलं असतं, पण माझं हे असंच. घालायचंच तर मूठभर कामून, पसाभर घालते. तारीला मात्र ह्यातलं कधी सांगितलं न्हाई. लेकरू हाय, शाळेत बोलून गेलं तर नाव कापतील, ही भीती. तिलाबी वाटायचं, आपण तेवढ्याच मोठ्या आहोत.

हे सगळं मी गुरुजींच्या समोर ओट्यावर बसून सांगितलं. तारी दारात उभी व्हती. ऐकता ऐकता ती खाली बसली आणि हमसून रडायला लागली. मी हात लावायला गेले तर उठून आत गेली. त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी बोलंना. विचारलं तर हूं न्हाई का चूं न्हाई. मी म्हणलं, बराबर हाय. मायनंच पोरीच्या पायावर धोंडा घातला, मंग पोरीनं काय ओवाळायचं मायला?

गुरुजी भले माणूस. रागावले न्हाईत. म्हणले, "वय कमी आहे हे सिद्ध करावं लागेल. नुसतं तुमचं तोंडी चालणार नाही. तेव्हा खोटं बोललात, आता खरं कशावरून, असं ते विचारतील. सुईण कोण होती?"

"सगुणाबाई. ती गेली वारून, दोन वर्षं झाली."

"मग दुसरा काही कागद? त्याच सुमाराचा?"

कागद व्हता. गावात एकच कागद व्हता, आणि तो पाटलाच्या घरात. रामराव पाटलाचा गिरिधर आणि माझी तारी, दोघं एकाच दिवशी जन्मले. कार्तिकातली भर दुपार. आमच्यात कोणी पोरीची पत्रिका मांडत न्हाई, पण पाटलाच्या लेकाची पत्रिका जोशीबुवांनी चांगली हातभर लांब मांडून दिल्ती. तिच्यात दिवस, घटका, सगळं.

आता पाटलाच्या घरी मी गूळ कामून दिला न्हाई ते सांगते. त्या दुपारी सगुणाबाई माझ्यापाशी बसलेली. माझ्या कळा वाढत चालल्या अन् पाटलाची गाडी दारात आली. "पाटलीणबाईचं पोट दुखून राह्यलंय, चल." आणि सगुणा गेली! मला तशीच टाकून गेली. माझ्या सासूला काही सुधरत न्हाई, मी भितीला पाठ लावून एकटी. तव्हापासून मी पाटलीणबाईचं तोंड बघितलं न्हाई. विहिरीवर ती आली की मी घागर अर्धी भरून निघायची. बारा साल.

पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि रागबी नसायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून मी पाटलाच्या ओसरीवर गेले. तुळजाबाई, म्हंजी पाटलीणबाई, डाळ निवडत बसलेल्या.

"पाटलीणबाई, एक मागणं व्हतं," मी म्हणलं.

"बारा सालानं पाय लागले," त्या म्हणल्या. "गूळ तर आमच्या घराला लागला न्हाई."

मी गिळलं. सगळं सांगितलं. त्या डाळीतला खडा न् खडा निवडत ऐकत राह्यल्या.

"तुझी पोरगी साडेचारची असताना तू सात सांगितलं, हे मला त्याच दिवशी कळल्तं," त्या म्हणल्या. "माझा गिरिधर घरात रांगोळी पुसून राह्यला व्हता आणि तुझी तारी पाटी घेऊन निघाली. मी बोलले का कोणाला? सात सालात एका शब्दानं बोलले का?"

ह्या बाईच्या एका शब्दानं माझ्या पोरीचं नाव कापलं गेलं असतं. आणि मी घागर अर्धी भरून निघत व्हते!

"आता माझा पाचवीत हाय, तुझी सातवीत," त्या पुढं बोलल्या. "रोज ताटावर पाटील मला ऐकवतात, एकाच दिवसाची लेकरं, बघ ठोंबऱ्याची कुठं गेली. ते जाऊ दे. पण पत्रिका घराबाहेर जात न्हाई झुंबर. लेकाची पत्रिका परक्याच्या हातात देत न्हाईत. तू मागितली, मी न्हाई म्हणले. संपलं."

मी घरी आले. चुलीपुढं बसून रडले, सांगायला लाज कसली.

तरी जालन्याला जायचं ठरलंच व्हतं. गुरुजी म्हणले, "जाऊ तर. खरं ते सांगू. पुढं त्यांची मर्जी." तारीच्या बापानं गाडीबैल नको म्हणून मोटारीचा खर्चा दिला, न बोलता दिला, म्हंजी त्याच्याबी मनात व्हतं. वैशाखातली सकाळ. भोकरदनकडून मोटार आली. मी, तारी आणि गुरुजी चढलो. तारी खिडकीशी, तोंड बाहेर. मोटार हालणार तितक्यात मागून आरोळी, "थांबव रे, थांबव!"

बघते तर तुळजाबाई. नऊवारी खोचलेली, घामाघूम, आणि छातीशी खणात गुंडाळलेली पत्रिका.

"पत्रिका परक्याच्या हातात जात न्हाई," त्या माझ्या शेजारी दणकन बसून म्हणल्या. "म्हून मीच घेऊन चालले. सरक तिकडं."

जालन्याला मस्तगडाच्या पलीकडं एका शाळेत बोलावल्तं. व्हरांड्यात पोरं बसलेली, बरोबर बाप, मामा, टोप्या, कोट. सगळी मिसरूड फुटायला आलेली पोरं. त्यांच्यात माझी तारी परकर पोलक्यात. बायका म्हंजी मी आणि पाटलीणबाई. लोक आमच्याकडं असं बघत व्हते, जसं आम्ही बाजार चुकून तिकडं आलो.

आत तिघं बसलेले. मधी मोठे साहेब, सगळे त्यांना काकासाहेब म्हणत. एका बाजूला सरोजिनीबाई म्हणून मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई. दुसऱ्या बाजूला कारकून, लिवणारा. गुरुजींनी कागद पुढं ठेवले. काकासाहेबांनी चष्मा वर केला.

"चौदा पूर्ण. मार्तंडराव, नियम तुम्हाला माहीत आहे. एवढ्या लांब कशाला आणलीत मुलीला?"

मी गुरुजींना बोलूच दिलं न्हाई. "साहेब, ते चौदा खोटं हाय. मी खोटं सांगितल्तं. काय शिक्षा असेल ती मला द्या, पोरीला नको." आणि सगळं सांगितलं. कानाचं, मानेचं, पाळण्याचं. कारकुनाची लेखणी थांबली.

"बाई, तेव्हा गरज होती म्हणून वय वाढवलंत," काकासाहेब शांतपणे म्हणले. "आज गरज आहे म्हणून कमी करत नाही कशावरून?"

तव्हा तुळजाबाई पुढं झाल्या. खण सोडला, पत्रिका टेबलावर पसरली, पण एक कोपरा हातात धरूनच ठेवला. "हा माझा लेक. ह्याच दिवशी हिची पोरगी झाली. मी साक्ष हाय."

काकासाहेबांनी शके बघितलं, कागदावर आकडेमोड केली. अठराशे सहासष्टचा कार्तिक. "चव्वेचाळीस साल. पण हा तुमच्या मुलाचा पुरावा झाला. हिची मुलगी त्याच दिवशी झाली कशावरून? तुमच्या नक्की लक्षात कसं?"

"लक्षात कसं?" तुळजाबाईंचा आवाज चढला. "जन्मात विसरायची न्हाई! ह्या बाईनं सुईण अडवून धरल्ती साहेब! तीनदा गाडी धाडली, सगुणा येतच न्हाई. का? तर झुंबरबाईला सोडवत न्हाई!"

"मी अडवली?" माझं डोकं सणकलं. कुठं उभी हाय तेच विसरले. "मला अर्ध्यात टाकून गेली ती तुमच्याकडं! तुमची गाडी बघून गेली!"

"आली कुठं? अर्धी घटका बसली अन् म्हणली, ठोंबऱ्याकडं डोकं दिसून राह्यलंय, मी पळते. मला माझ्या सासूच्या गळ्यात टाकून गेली!"

"खोटं! माझ्याकडं आली तव्हा तारी रडून राह्यली व्हती. नाळ तेवढी कापली तिनं!"

"आणि माझ्याकडं आली तव्हा गिरिधरनं दूध तोंडात धरल्तं!"

"अहो, थांबा," सरोजिनीबाई म्हणल्या. त्यांनी पदर तोंडाला लावल्ता. "तुमच्याकडंही नव्हती, त्यांच्याकडंही नव्हती. मग सुईण होती कुठं?"

आम्ही दोघींनी एकमेकीकडं बघितलं. बारा साल हा हिशेब कोणी केलाच नव्हता.

"रस्त्यात," मी म्हणलं.

"पळत असेल बिचारी," तुळजाबाई म्हणल्या. "ह्या घरातून त्या घरात. त्या उन्हाची."

काकासाहेब असे हसले की डोळ्याला पाणी आलं त्यांच्या. मंग चष्मा पुसून कारकुनाला म्हणले, "लिहा. असं भांडण कोणी पढवून आणत नाही. दोघींचे जबाब घ्या." मी अंगठा लावला की मी खोटं वय लिवून घेतलं. तुळजाबाईंनी सही केली, मोठ्या मोठ्या अक्षरांत. शिक्षेचं नाव कोणी काढलं न्हाई.

कागद आवरता आवरता सरोजिनीबाई तारीकडं वळल्या. ती सगळा वेळ भिंतीशी उभी व्हती, खाली बघत.

"म्हणजे साडेचार वर्षांची असताना सात वर्षांच्या मुलांत बसलीस तू. जड गेलं असेल?"

तारीनं मान वर केली. "लई जड गेलं बाई. बाकीच्यांना एकदा सांगून कळायचं, मला तीनदा सांगून कळायचं न्हाई. पाटीवर माझं अक्षर सगळ्यात वाकडं. मला वाटायचं, मी सगळ्यांएवढीच हाय अन् मलाच येत न्हाई, म्हंजी मी मंद हाय. म्हून मी दुप्पट करायची. ते एकदा लिवायचे, मी दोनदा. मंद असलं तर दुप्पट करावंच लागतं ना."

"मग खरं वय कधी कळलं?"

"आत्ता, महिना झाला. माय गुरुजींना सांगत व्हती तव्हा. मी लई रडले बाई. शिष्यवृत्ती जाईल म्हून न्हाई. मी मंद नव्हते म्हून. मी फक्त लहान व्हते."

माझ्या काळजात काय झालं ते मला अजून नीट सांगता येत न्हाई. सात साल माझं लेकरू माझ्या शेजारी बसून स्वतःला मंद म्हणत व्हतं अन् मला पत्ता न्हाई. आणि मंद समजूनसुद्धा मागं हटलं न्हाई. मी तिला जवळ ओढलं, सायबासमोर, सगळ्यांसमोर. ह्या टायमाला ती सुटून गेली न्हाई.

"तव्हाच माझ्याशी बोलली असतीस तर?" मी म्हणलं.

"तुला वाईट वाटलं असतं," तारी म्हणली. "तुला वाटलं असतं, तुझ्या खोट्यानं झालं."

"झालंच की."

"झालं तर झालं," ती म्हणली. "खरं बोलली असतीस तर मी आज पाळण्याशी असते."

दुपारी व्हरांड्यात सगळ्यांना उभं केलं. ज्यांचे कागद बराबर निघाले त्यांची नावं कारकून वाचणार, आणि तेच शेवटच्या परीक्षेला आत जाणार. नाव, गाव, पूर्ण झालेलं वय. एकेक वाचत गेला. तेरा भरत आलेले. बारा. बारा. बारा. बापलोक आपापल्या पोराच्या पाठीवर हात ठेवत व्हते. माझा हात तुळजाबाईंनी घट्ट धरलेला.

"तारा रखमाजी ठोंबरे. केदारखेडा. वय अकरा."

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. एक कोटवाला दुसऱ्याला म्हणला, "अकरा? सातवीत? कोणाची मुलगी?"

मला कोणी विचारलं नव्हतं, कोणी बोलावलंबी नव्हतं. पण मी पदर सावरला, आणि त्या सगळ्या टोप्यांच्या मधी जाऊन उभी राह्यले.

"माझी," मी म्हणलं. "आणि अकराच हाय. आता कमी न्हाई, जास्त न्हाई."